दादाचा चष्मा

"दादा आला का?"

तुलुगाकने तिसऱ्यांदा विचारलं. डोळ्यांवर सशाच्या कातड्याची पट्टी होती आणि आत गरम वाळू ओतल्यासारखी आग. तंबूत सीलच्या चरबीचा दिवा तडतडत होता.

"आलाय, बाबा. झोपलाय," आई म्हणाली.

आई त्याला बाबाच म्हणे. तिचे वडील गेले त्याच हिवाळ्यात हा जन्मला. त्यांचं नाव याला मिळालं, आणि नावाबरोबर नातंही. म्हणून लहानपणी तिने त्याच्यावर कधी हात उगारला नाही. बापावर कोण हात उगारणार? थोरला भाऊ कुलाउत त्यावरून चिडवायचा, "लाडावलेला म्हातारा!"

शिकारीला निघाले त्या सकाळीही दादाने चिडवलं होतं. आभाळ झाकोळलेलं होतं. बारीक फटींचा शिंगाचा चष्मा तुलुगाकने घरीच ठेवला. सूर्यच नाही तर चष्मा कशाला?

"म्हातारबुवा, बर्फावर ढगाळ दिवसच डोळे खातो," दादा म्हणाला. तुलुगाक नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी, गोठलेल्या समुद्रावर, घरापासून दोन मुक्काम लांब, त्याला दिसेनासं झालं. दादाने स्वतःचा चष्मा काढून त्याच्या डोळ्यांवर बांधला आणि त्याला कुत्र्यांच्या गाडीवर आडवं केलं.

"आणि तू?"

"मी डोळे मिटून चालेन. कुत्र्यांना दिसतंय ना!"

मग ढग पांगले. ऊन गालाला लागत होतं. कुत्र्यांच्या पुढे बर्फ चाचपत दादाची काठी ठकठकत होती. ती ऐकता ऐकता तुलुगाकला ग्लानी आली. जाग आली ती घरच्या तंबूत.

तो आला त्याच दिवशी वहिनी बाळंत झाली. मुलगा झाला. "नाव काय ठेवलं?" त्याने विचारलं. "आधी डोळे बरे होऊ देत," आई म्हणाली आणि उठून गेली.

अधूनमधून वहिनी कुजबुजे, "अहो, निजा आता. मी आहे ना." दादा मात्र अवाक्षर काढत नव्हता. रागावलाय, तुलुगाकला वाटलं. रागावणारच. आपल्या हट्टापायी त्याचेही डोळे गेले असतील.

"दादा, चुकलं माझं," तो एकदा अंधारातच म्हणाला. "एक शिवी तरी घाल!"

वहिनीने नाक ओढलं तेवढं ऐकू आलं.

चौथ्या दिवशी आईने पट्टी सोडली. आधी दिवा दिसला, मग आईचे हात. दादाच्या जागेवर त्याचं अंथरायचं कातडं घडी घालून ठेवलेलं होतं. त्यावर तो चष्मा. तुलुगाकने आईकडे पाहिलं.

"पुढे बर्फ फाटला होता," आई म्हणाली. "त्याला दिसला नाही. कुत्री वळसा घालून तुला घेऊन आली. आपल्या माणसांना काठी तेवढी सापडली."

तुलुगाकला रडूही येईना. वहिनी उठली. तिने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि बाळाच्या कानाशी वाकली.

"अहो," ती म्हणाली, "डोळे उघडा. तुमचा म्हातारा बरा झाला."