बबनचा वाटा

भंगारवाल्या भगवानच्या काट्यावर बबन उभा राहिला. भगवानने एकेक लोखंडी वजन काढत आणलं आणि शेवटी एक किलोचंही उचललं.

"चौसष्ट," तो म्हणाला. "वहिनी, अजून किती उतरवणार? का नवऱ्याला आमच्याकडेच टाकायचाय?"

दुकानापुढची माणसं हसली. अंजनाला काही हसू आलं नाही. बबनच्या रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरने सांगितलं होतं, पंच्याऐंशीवरून पासष्टवर आणा. आठ महिने ती हात धुऊन त्याच्या मागे लागली होती. भात बंद, वडापाव बंद, तेल चमच्याने मोजून. पासष्टला थांबायचं म्हणून तिने आठवड्यापूर्वी पुन्हा भात वाढला, तर बबनने ताट बाजूला सारलं. जो माणूस कुकरची शिट्टी वाजायच्या आत पाटावर येऊन बसायचा, तो म्हणाला, "जड होतो."

काट्यावरून उतरताना बबनने मान वळवली. ऊन त्याच्या बसलेल्या गालांवर पडलं. भगवानच्या हातातलं वजन खाली पडता पडता राहिलं.

"आयला! रघुदादाच वाटला रे."

रघु म्हणजे बबनचा थोरला भाऊ. अंजना लग्न होऊन बुवापाड्यात आली, त्याच्या दोन वर्षं आधीच तो गेला होता. तिने त्याला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. गल्लीतल्या बायका थोरल्या दिरासमोर पदर घ्यायच्या. अंजनाला तसं कुणी नव्हतंच, म्हणून तिचं डोकं कायम उघडं.

बबन घराकडे वळला. अंजना मात्र शेअर रिक्षात बसली आणि कॅम्प तीनच्या बाजारात उतरली. तिथल्या सिंधी शेठकडचं दालपकवान, कडक तळलेली पुरी आणि वर डाळ, म्हणजे बबनचा जीव की प्राण. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्याने पाच पकवानं हाणली होती आणि वर डाळीचा द्रोण चाटून पुसून ठेवला होता. तिला तेव्हा लाज वाटली होती. आज त्याच आठवणीने तिच्या डोळ्यात पाणी आलं.

"बहोत दिन बाद, भाभी," शेठ पुडा बांधत म्हणाला. "भैया का परहेज छूट गया?"

"छुडाना है," अंजना म्हणाली.

घरी आली तर सासू, सुंदराबाई, स्टोव्हपुढे, चुलीपुढे बसावं तशी बसून नाचणीची भाकरी थापत होती. कढईत शेवग्याचा पाला शिजत होता. आठ महिने हेच चाललं होतं. काय रांधायचं ते सुंदराबाई सांगायची आणि अंजना मुकाट्याने रांधायची. म्हातारीला वजन उतरवायची अक्कल आहे, याचं तिला कौतुकच वाटायचं.

"आई, ह्यांना शेवग्याचा पाला कधीपासून आवडायला लागला हो?"

"बबनला? छ्या! तो लहानपणी थुंकायचा. रघुचं जेवण गं हे. नाचणीची भाकर, हा पाला, लसणाचं तिखट, वर वाटीभर ताक. रघुच्या अंगाला कधी चरबी चिकटली न्हाय. म्हणून तर तुला तसंच करायला लावलं."

अंजनाने भिंतीकडे पाहिलं. वर बुद्ध, बाबासाहेब. खाली रघु, बसलेल्या गालांचा. आपल्यात असलं काही मानत नाहीत, तिने स्वतःला बजावलं. रघु गेला तेव्हा याच सुंदराबाईने कावळ्याला घास ठेवू दिला नव्हता. मेलेलं माणूस जेवायला येत नसतं, असं तिने अख्ख्या गल्लीला ठणकावलं होतं. या घरात कधी लिंबू आलं नाही की भगत आला नाही. भुताला मानायचंच नाही म्हटल्यावर त्याला घालवायचं कसं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

बबन अंघोळ करून आला. त्याच्या अंगात राखाडी पँट होती. ती अंजनाने कधी धुतली नव्हती.

"रघुच्या ट्रंकेतली," सुंदराबाई म्हणाली. "एक टाका घालावा लागला न्हाय. बघ कशी बसली."

बबन नेहमी स्टोव्हला चिकटून बसायचा, एक हात पातेल्यात आणि तोंडाचा पट्टा चालू. आज तो दारापाशी बसला. अंजना पुढे आली तसे त्याने पाय आखडून घेतले आणि नजर उंबऱ्यावर ठेवली.

तिने पुडा सोडला. पकवानं ताटात मांडली, डाळ ओतली, वर चिरलेला कांदा भुरभुरला.

"अहो, खा. आज पथ्य-बिथ्य काही नाही."

त्याने ताटाकडे पाहिलं. वास घेतल्यासारखं केलं. खा रे, ती मनातल्या मनात म्हणाली, एक तुकडा तरी मोड.

"मला कशाला?" तो हळूच म्हणाला. "बबनला ठेवा झाकून. त्याला लई आवडतं."

अंजना त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली. बबनला थट्टा पोटात ठेवताच यायची नाही, सांगायच्या आधी तोच खदखदायचा. हा हसला नाही.

सुंदराबाईने पकवानांवर ताटली झाकली आणि उचलून फळीवर ठेवली. मग गरम भाकरी त्याच्यापुढे केली. तो खाली मान घालून जेवू लागला.

"भाजी वाढ गं त्याला," ती म्हणाली.

अंजनाने कढई उचलली. दोन पावलं गेली आणि थांबली. कढई खाली ठेवून तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, आणि मग वाढायला वाकली.