दुसरा तुंबा

“आता गार हवा मारते. दुखलं की हात वर,” डॉक्टर ताइनारा म्हणाली.

झोत दाढेवर आला. वाल्मोर खुर्चीत ताठ झाला, पण हात काही वर गेला नाही. महिन्यापूर्वी याच झोताला त्याने खुर्चीचा दांडा उपटायचा तेवढा बाकी ठेवला होता.

“दहापैकी किती दुखलं, सेऊ वाल्मोर?”

“शून्य! पोरी, जादू आहे तुझ्या हातात.”

“जादू कसली? पालकाचा अर्क चोपडला आणि वरून लेसर दिला. चार वेळा.”

“जन्मभर पालकाला नाकं मुरडली. आज माफी मागतो त्याची.”

हसला खरा, पण त्याचा जीव रविवारात अडकला होता. दर रविवारी हा विधुर शेजारच्या दोना इरासीकडे शिमारांव प्यायला जायचा. आमच्याकडे बाईला मानाने ‘दोना’ म्हणतात, पुरुषाला ‘सेऊ’. पानांचा कढत काढा, एकच तुंबा, एकच धातूची नळी. आधी यजमानीण पिणार, मग भरून पाहुण्याला देणार, मग पुन्हा आपण घेणार. तुंबा परत देताना पाहुणा ‘आभारी आहे’ म्हणाला की त्याचा अर्थ ‘आता पुरे’. तोवर भरत राहायचं, ही आम्हा दक्षिण ब्राझीलकरांची रीत.

दातांतून कळ जायची म्हणून वाल्मोर दोन महिने पहिल्याच तुंब्याला आभार मानून मोकळा होत होता. इरासीही ‘अजून घ्या’ असं एका शब्दाने न म्हणता तुंबा उचलून आत न्यायची. बाई रुसली, हे त्याने तेव्हाच ताडलं. आता हिला मागणी कुठल्या तोंडाने घालायची?

रविवारी तो नवा सदरा घालून गेला. पहिला तुंबा संपवून नुसताच परत दिला. आभार नाहीत, काही नाही. इरासी क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने स्वतःचा घेतला, त्याला भरून दिला. तिसरा झाला, चौथा झाला. सहाव्याला तिचे डोळे पाण्याने डबडबले. गालाला हात लावून नुसती त्याच्याकडे एकटक बघत होती.

वाल्मोरचं काळीज लोण्यासारखं झालं. रुसवा पार विरघळला म्हणायचा.

“दोना इरासी, माझ्याशी लग्न कराल?”

“करीन की!” तिने डोळे पुसले. “कधीची वाट बघतेय मी.”

“मग होऊन जाऊ दे अजून एक!”

“वाल्मोर, पाया पडते तुमच्या,” ती कळवळून म्हणाली, “आता ‘आभारी आहे’ म्हणा हो! दोन महिने कसे शहाण्यासारखे पहिल्यालाच म्हणत होतात. माझ्या या ठणकणाऱ्या दातांना दुसरा तुंबा सोसतो होय?”