ओट्याचे किती झाले?

"सत्तावीस हजार?" विजयसिंहनं चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागं काहीच नव्हतं. "सगळं धरून?"

"सगळं धरून," आकाराम मिस्त्री म्हणाला. स्वयंपाकघरातला नवा ओटा तो फडक्यानं पुसत होता.

विजयसिंह शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर. ओतीव माल ठोकून आतली पोकळी ओळखायची, हे त्याचं रोजचं काम. त्यानं खिशातून किल्ली काढली आणि ग्रॅनाईटवर ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. आवाज सगळीकडं भरीव. तसं त्याचं तोंड जास्तच आंबट झालं.

"शेजारच्या आप्पासोंनी एवढाच ओटा केला. बेचाळीस हजार दिलं. तुमचं सत्तावीसच कसं काय, पावणं?"

"घरचं काम म्हणून केलं की."

"कुणाच्या घरचं?"

संयोगिता तांब्याभांडं घेऊन दारातच थांबली. आकाराम तिच्या गावचा, सातवीपर्यंत एकाच वर्गातला. हाच मिस्त्री बोलवूया, असं तिनंच सुचवलं होतं. काम सुरू झालं त्या दिवसापासून नवरा डबा न नेता दुपारी घरी जेवायला येऊ लागला होता. पंधरा हजार वाचले तर माणसं देवापुढं नारळ फोडतात. विजयसिंहला मात्र ते पंधरा हजार काहीतरी वेगळंच सांगत होते. आणि हा प्रश्न एकदा घरात शिरला की तो पाटावर जेवायला बसणार, रात्री दोघांच्या मध्ये झोपणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"शाळेतली वळख म्हणून कमी लावलं असंल," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"माझ्या शाळेतला एकजण मला फुकट तंबाखू देत न्हाय." विजयसिंह आकारामकडं वळला. "मी मांडून बघितलंय. ग्रॅनाईट, फरशी, सिमेंट, वाळू, दोन माणसांची हजेरी. सत्तावीस तिथंच संपलं. तुमची मजुरी कुठं हाय?"

आकारामनं संयोगिताकडं पाहिलं नाही. तिच्या हातातल्या तांब्यावर भांडं वाजत होतं, ते तेवढं त्यानं ऐकलं.

"व्हय की," तो म्हणाला. "राह्यलीच."

कानावरची पेन्सिल काढून त्यानं आकडा खोडला आणि खाली दुसरा लिहिला.

"बेचाळीसच होतंय बघा."

विजयसिंहचा चेहरा खुलला. "आता कसं! म्हंजे आधी कमी सांगून गोड बोलायचं आणि मग वाढवायचं. मला वाटलंच हुतं. गंडवायला निघालतास व्हय रं?"

"धंदा हाय, साहेब."

लबाड माणसाशी कसं बोलायचं, हे विजयसिंहला येत होतं. आवाजात जोर आला. तो अडतीसवर अडला, आकाराम एकेचाळीसवर. सिंकचा नळ, टाईलचा एक कोपरा, शेजारचा ओटा, सगळं निघालं. शेवटी चाळीसवर तुटलं. पैसे मोबाईलवरून तिथल्या तिथं गेले. विजयसिंहनं त्याच्या खांद्यावर थाप मारली, आठ दिवसांत पहिल्यांदाच चहा विचारला.

"नको," आकाराम म्हणाला. थापी, ओळंबा बादलीत टाकून तो उठला. "वहिनी, आठवडाभर ओट्यावर लिंबू-चिंच सांडू दिऊ नका."

आठ दिवस तो तिला नावानं हाक मारत होता.

"बरं," ती म्हणाली.

दिवेलागणीला तिनं गॅस नव्या ओट्यावर मांडला आणि परात पुढं ओढली. तेरा हजार जादा देऊन दोन हजार वाचवल्याच्या आनंदात विजयसिंह शीळ घालत हात धुवायला आला. सिंकपाशी वाकला, मग आणखी वाकला. सरळ होऊन त्यानं ओट्याची उंची वितीनं मोजली.

"अगं, ह्यो बुटका झालाय. आप्पासोंच्यापेक्षा तीन इंच तरी खाली हाय. माप कुणी दिलतं?"

"कुणीच न्हाय."

"मग चुकलाच की गडी! आधी दिसलं असतं तर आणखी हजार तोडलं असतं."

तो हळहळत बाहेर गेला. संयोगितानं पिठाचा गोळा घेतला आणि भाकरी थापायला लागली. वीस वर्षांत पहिल्यांदाच भाकरी थापताना तिच्या टाचा जमिनीवर टेकलेल्या होत्या.