खर्ऱ्यावरची प्रार्थना

“घे श्यामभाऊ, आत्ताच घोटून आणला. ताजा हाये.”

परसरामनं खर्ऱ्याची पन्नी पुढे केली आणि सुपारी-तंबाखूचा वास श्यामरावांच्या ओसरीभर पसरला. चिखल्याच्या खाणीत दोघं सोबतच लागले, सोबतच खर्रा शिकले आणि सोबतच रिटायर झाले. फरक एवढाच, की यंदा उपवासकाळ लागताना श्यामरावांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून ईस्टरपर्यंत खर्रा सोडला होता. तोंडात पांढरा चट्टा आला होता. डॉक्टरांचं ओरडून झालं, बायकोचं, कुंताबाईंचं रडून झालं. आता देवाला शब्द दिला होता, आणि तो मोडला तर पुन्हा सोडायची हिंमत होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण हात पुढे गेलाच. पन्नी तळहातावर आली.

श्यामरावांची एक जुनी सवय होती. डोळे मिटून आभार मानल्याशिवाय ते तोंडात काही घालत नसत.

“प्रभू, हे जे तू दिलं…” म्हणता म्हणता ते अडखळले. खर्रा काही देवानं दिला नव्हता, परसरामनं दिला होता. खोटे आभार कसे मानायचे? “प्रभू, माह्या जिभेले सांभाळ. मनाचं दार उघडं ठेवलं हाये, तूच आत येऊन बस. अन् माह्या या दोस्तालेही सांभाळ. आमेन.”

डोळे उघडले तेव्हा तल्लफ ओसरली होती. पन्नी परत गेली.

“आज लवकरच आटोपलं तुहं,” परसराम कुरकुरला. “उद्या येतो.”

आणि गडी खरंच येई, रोज नवी पन्नी घेऊन. कुंताबाईंच्या जिवाला घोर लागला.

“सैतानाले शिंगं असते म्हणत होते,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “हा तर खांद्यावर दुपट्टा टाकून येऊन राहिला!”

“येऊ दे वं,” श्यामराव हसले. “तो आला का माही प्रार्थना चांगली होते.”

गुड फ्रायडे पार पडला. शनिवारी मात्र कुंताबाईंचा धीर सुटला. काठाशी येऊन बुडायला नको, म्हणून त्या दारातच उभ्या राहिल्या.

“उद्या ईस्टर हाये, भाऊजी. कायले माणसाले पाडता? आता आमच्या घरी येऊ नका.”

परसराम पन्नी मुठीत धरून मुकाट्यानं वळला. कुंताबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी चहात दुप्पट साखर टाकली.

चहा उकळतो न उकळतो, तोच परसरामची बायको तुळसा धापा टाकत आली.

“कुंताबाई, यायले काहून वापस पाठवलं?”

“मंग काय करू? रोज खर्रा घेऊन येते!”

“पाय पानठेल्याकडं वळतेच ना त्यायचे! पन्नी घेतली का तोंडात जायच्या आधी इकडं पळत येते. श्यामभाऊची प्रार्थना झाली का घरी जाताना नालीत फेकते. तुमच्या माणसानं सोडला ना, त्याच दिवसापासून यायनंही एक दाणा तोंडात नाही टाकला.” तुळसानं पदरानं घाम पुसला. “चला श्यामभाऊ, लवकर चला. पन्नी खोलून बसले हायेत, अन् मले तं प्रार्थना येत नाही!”