वजनाचा माणूस

पवनीकडच्या आपल्या रिसॉर्टवर भैय्याजी पिकअपमागे कॅम्पर, म्हणजे पाहुण्यांना झोपायचा चाकांवरचा डबा, जोडून ओढत नेत होता. पिकअपच्या मागच्या हौद्यात जंगलात फिरवायची चारचाकी बाईक बांधलेली होती.

रिकामा कॅम्पर रस्त्यावर डोलतो, म्हणून त्यात एक माणूस वजनाला बसवायची त्याची रीत. मागच्या खेपेला रिसॉर्टवर कामाला असलेला अश्वजित होता.

"भैय्याजी, तुमच्या बाजूले बसू द्या ना."

"मंग वजन कोन देईन? बस मांगं."

बाजूच्या सीटवर भैय्याजीची बॅग होती. कारध्याच्या उतारावर कॅम्पर सुटून उलटला, आणि अश्वजित गेला.

आज त्या दुरुस्त केलेल्या कॅम्परमध्ये वजनाला बसायला कोणीच तयार झालं नाही. तरीही कॅम्पर जरासुद्धा डोलला नाही. भैय्याजीला मागे वळून पाहायचा धीर होईना.

त्याच उताराखाली तो चहाला थांबला. टपरीवाल्या चंद्रकलाबाईनं दोन कप भरले.

"आतल्या मानसाले बी द्या."

"आत कोनी नाही."

"मंग डब्बा काहून दबून हाये?"

भैय्याजीनं कॅम्परचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. पण माणूस उतरावा तसा कॅम्पर हळूच वर उठला.

मग पुढे उभी पिकअप डावीकडे दबली, आणि आजही बाजूच्या सीटवर ठेवलेली बॅग बंद केबिनमध्ये खाली पडल्याचा आवाज आला.