खारे बांगडे

जेवण अर्धं झालं आणि सत्तारचा चेहरा विस्तवासारखा लाल झाला. मानेवर गांधी उठल्या. छाती दाबून तो भिंतीला टेकला.

"दखा!" तो जमलेल्यांना म्हणाला. "हिन्हा हातनं खादं की मन्हं आंग पेटस."

पंधरा दिवसांतली ही तिसरी वेळ. म्हणूनच आज त्याने जमातीच्या इद्रिसचाचांना आणि शेजारच्या रमजानला ऐन दुपारच्या जेवणाला बोलावून घेतलं होतं.

रजिया चुलीपाशी थिजून उभी होती. नवापुरातलं हे घर तिच्या बापाचं, मागची रंगाची भट्टीही त्याचीच. एकुलती एक म्हणून दोन्ही तिच्याकडे आलं होतं. लग्नानंतर सत्तार आपल्या आईला घेऊन इथेच राहायला आला. भट्टीवर मोरचूद होतं, हिराकस होतं. विष शोधायला कुणाला लांब जावं लागणार नव्हतं.

"बोल, काय टाकं त्यान्हामा?" सासू अख्तरबानोने विचारलं.

"काहीच नही. अल्लानी कसम!"

एवढं बोलून रजिया नवऱ्याच्याच ताटावर बसली. सुरतेच्या गाडीने आलेले खारे बांगडे सत्तारने याही वेळी सकाळी स्वतःच सांगून करवून घेतले होते. उरलेला बांगडा तिने सगळ्यांदेखत भाकरीशी खाल्ला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ गेला. तिला काही झालं नाही. सत्तारला मात्र वांत्या सुरू झाल्या.

"हिले उतारा माहीत व्हई," रमजान पुटपुटला.

खाऊनही ती दोषीच ठरत होती.

"फौजदारले बलावा," सत्तार कण्हला.

"पह्यले डॉक्टरले बलावा," रजिया म्हणाली. "मंग माले बेड्या घाला."

"डॉक्टर काय करी? फौजदारच बलावा!" सत्तार पुन्हा म्हणाला.

पण इद्रिसचाचांनी खूण केली आणि रमजान डॉक्टरांकडे धावला.

भाईदास डॉक्टरांनी नाडी पाहिली, मग सत्तारचे तळवे उजेडात धरले. पिवळे. रंगाऱ्याच्या घरात त्याकडे कोण बघणार?

"लढाईपायी क्विनाईन मिळत नाही, म्हणून हिवतापावर मीच याला पिवळ्या गोळ्या दिल्यात," ते म्हणाले. "मासळी शिळी झाली की तिच्यात एक विखार तयार होतो. आपल्या पोटातला एक रस तो जाळून टाकतो, म्हणून तुम्हाआम्हाला काही होत नाही. ही गोळी त्या रसालाच बांधून टाकते. मग तोच बांगडा याला विष."

"म्हंजे रजियानी..." इद्रिसचाचा अडखळले.

"रजियाने फक्त स्वयंपाक केलाय."

अख्तरबानो सुनेच्या गळ्यात पडून रडली. "पोरी, माफ कर माले!" इद्रिसचाचांनी मान खाली घातली. औषध घेऊन सत्तार डोळे मिटून पडला होता. तिला त्याची कीव आली. बिचारा, तिन्ही वेळा किती भ्याला असेल.

डॉक्टरांची पेटी घेऊन ती दारापर्यंत गेली.

"चारचौघांत आजारी माणसाला बोललो नाही," डॉक्टर हळूच म्हणाले, "पण आता त्याचा मासळीचा हट्ट पुरवू नकोस. पहिल्यांदा अंग लाल झालं, त्याच दिवशी तो माझ्याकडे आला होता, आणि हे सगळं मी त्याला तेव्हाच नीट समजावून सांगितलं होतं."