मिन तानचा माफीनामा

"म्हणतात, नाटकी वाटतंय. पुन्हा करा."

मिन तानने मोबाइलवर आलेला निरोप शुभदाताईंना मराठीत सांगितला आणि भिंतीजवळच्या खुर्चीत परत जाऊन बसला. मागची भिंत कोरी होती. जुन्या नाटकांची पोस्टरं त्यांनी सकाळीच उतरवून ठेवली होती. जागा ओळखू येता कामा नये, अशी अटच होती.

ठाण्याच्या कोपरीतल्या या तालमीच्या खोलीत शुभदाताई तीस वर्षं हौशी नाटकं बसवत होत्या. "नाटकी वाटतंय, पुन्हा कर," हे त्यांनी स्वतः किती जणांना सुनावलं असेल. आज ते ब्रह्मदेशातला एक लष्करी अधिकारी सांगत होता.

मिन तिकडचा मोठा नट. वीस वर्षं त्याने रंगमंचावर जनरलांच्या नकला केल्या, आणि लोक पोट धरून हसले. मग सैन्याने सत्ता घेतली आणि त्याच्या नावाचं वॉरंट निघालं. तो जंगलातून चालत मिझोरामला पोचला. एका नाट्यमहोत्सवात ओळख झालेल्या शुभदाताईंनी त्याला ठाण्याला बोलावून घेतलं. चार वर्षं तो त्यांच्या मुलांना अभिनय शिकवत होता. त्याचं मराठी तालमी ऐकून आलेलं, त्यामुळे रिक्षावाल्यालाही तो "जरा थांबावे" म्हणायचा.

महिन्यापूर्वी तिकडे त्याच्या मुलीला, ठिरीला, पकडलं. ती बावीस वर्षांची होती. एका चुलतभावाच्या हाती निरोप आला, बापाने व्हिडिओवर माफी मागितली तर पोरगी सुटेल. सोबत सहा वाक्यं लिहून दिली होती. खाली सूचना होती : वाचून दाखवू नये, मनापासून बोलावे.

"पाचव्या वाक्याला अडतोस तू," शुभदाताई म्हणाल्या. "काय आहे त्यात?"

"झो लिन माझ्यामुळे मेला. मी त्याला भडकवलं."

झो लिन त्याच्याच नाटकमंडळीतला. एकोणीस वर्षांचा. मोर्चात गोळी लागून गेला.

"ते वाक्य गाळ ना."

"त्यांना तेच हवंय, ताई. झोची आई बघेल हे."

शुभदाताईंनी मोबाइल पुन्हा रोखला. तो बोलू लागला. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

"मिन, तुझी मान ताठ होतेय. हनुवटी वर जातेय. तू त्यांचा जनरल करतोयस."

"मी?"

"तुला कळत नाहीये. पण त्यांना कळलं."

त्याने स्वतःच्या मानेला हात लावून पाहिला. "वीस वर्षं हेच केलं. त्यांची वाक्यं तोंडात आली, की शरीर आपोआप तसं होतं. आता ऐकत नाही."

तिसऱ्या वेळी मान खाली राहिली, पण नेमकं पाचव्या वाक्याला स्टेशनवरच्या भोंग्यातली मराठी घोषणा खिडकीतून आत आली. खिडक्या लावल्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून तोही बंद केला. दोघांनाही घामाच्या धारा लागल्या.

"ताई, तुम्ही सांगा. नटाला सांगता तसं."

शुभदाताईंना ते नको होतं. पण मुलगी आत होती.

"त्यांची माफी मागू नकोस," त्या म्हणाल्या. "ते समोर नाहीतच असं समज. ज्याची माफी मागायची राहिली आहे, त्याची माग. आहे कुणी?"

मिन खुर्चीतून उठला आणि खाली फरशीवर बसला.

"झो," तो म्हणाला. "मोर्चाच्या सकाळी मी त्याला म्हणालो होतो, तू हो पुढे, मी येतो. मी गेलोच नाही."

शुभदाताईंनी बटण दाबलं. या वेळी तो सगळी वाक्यं सलग बोलला. त्यांना भाषा येत नव्हती, तरी पाचवं वाक्य कुठलं ते कळलं.

तो व्हिडिओ "पुन्हा करा" म्हणून परत आला नाही.

तिसऱ्या दिवशी तो तिकडच्या सरकारी टीव्हीवर लागला. देशोदेशी पांगलेल्या सोबत्यांनी मिनला आपल्या ग्रुपमधून काढून टाकलं. एकाने जाता जाता लिहिलं, "किती मिळाले?" झोच्या आईकडून काहीच आलं नाही.

आठव्या दिवशी ठिरी सुटली. तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मिन शुभदाताईंच्या स्वयंपाकघरात जेवत होता. उष्ट्या हाताने त्याने तो घेतला. पोरीचे केस कापलेले होते, गाल बसले होते. तिने एक प्रश्न विचारला. त्याने एका शब्दात उत्तर दिलं. पडदा काळा झाला.

"बरी आहे ना?" शुभदाताईंनी विचारलं. "काय म्हणत होती?"

"विचारत होती, बाबा, झोबद्दल बोललात ते खरं आहे का?"

"मग?"

"हो म्हणालो. त्यांचे लोक तिचा फोन ऐकत असणार."

"अरे, समजेल तिला. कधीतरी भेटेल, तेव्हा समोर बसून सांग खरं काय ते."

मिनने ताटातला भात गोळा केला, पण घास उचलला नाही.

"ताई," तो म्हणाला, "कुणी ऐकत नसतं, तर मी काय सांगितलं असतं?"